फिटनेस शून्य धरा

कापसाचा दुसरा वेचा संपत आला की आमच्या वर्ध्याकडे हिवाळा अंगाला लागायला लागतो. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून निसटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहतो आणि सकाळच्या उन्हात त्या काटेरी झाडांना फुलं आल्यासारखं वाटतं. कॉलेजच्या व्हरांड्यात सावली असते, त्यामुळे पोरं-पोरी तास संपले की पळत मैदानावर उन्हात जातात. फळ्यावर हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं असतं. वर्षभर मागच्या बाकावर पेंगणारे पोट्टेही या दिवसांत अचानक वही उघडून बसतात. आणि दरवर्षी, नेमक्या याच दिवसांत, मला तो धडा शिकवावा लागतो.

मी प्राणिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, उन्हाळ्यात घरी. बी.एस्सी.ला आनुवंशिकी आणि उत्क्रांती हा पेपर माझ्याकडे असतो. मेंडेलच्या वाटाण्यांपासून सुरुवात करायची, फळमाश्यांवरून पुढे जायचं आणि शेवटी निसर्गाची निवड कशी चालते ते सांगायचं. त्या शेवटच्या भागात सिकलसेल येतो. आजाराचं जनुक एकाच पालकाकडून आलं तर माणूस ठणठणीत राहतो, उलट हिवतापाने मरण्यापासून बराच वाचतो. दोघांकडून आलं तर मात्र रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. हिवतापाच्या मुलखात हे जनुक इतक्या पिढ्या का टिकलं, त्याचं हे उत्तर. उदाहरण सुंदर आहे. जगभरच्या पुस्तकांत आहे. पोरांना लगेच कळतं.

मग गणित येतं. मी फळ्यावर ‘फिटनेस’ लिहिते. मागचा एखादा दंड फुगवून दाखवतो, वर्ग हसतो. मी सांगते, ही जिमवाली फिटनेस नव्हे. आपल्यामागे किती संतती राहिली, त्याचं हे माप. आणि मग म्हणते, “दोन्ही जनुकं सिकलची असतील त्यांची फिटनेस शून्य धरा.”

तसं धरल्याशिवाय ते सोपं गणित पुढे सरकत नाही. म्हणून म्हणते. म्हटल्यावर थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि उगाच खडूने त्या शून्याचा गोल पुन्हा गिरवते.

हेच वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या शेजारी ज्योत्स्ना बसली होती.

मी पुलगावची. वडिलांचं तिथे कटलरीचं दुकान, बांगड्या, बटणं, रिबिनी, दोऱ्याची रिळं. सकाळच्या पॅसेंजरने मी वर्ध्याला कॉलेजात यायची. ज्योत्स्ना आष्टीकडची, तळेगावची. तिच्या घरी संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. ती वर्ध्यात खोली करून राहायची. आम्ही सगळ्या अर्ध्या बाह्यांत असताना ती तपकिरी स्वेटर घालून येई आणि पाण्याची मोठी बाटली सतत जवळ बाळगी. मध्येच आठ-आठ दिवस यायची नाही. विचारलं तर म्हणायची, “वाताचं दुखणं हाये मले. आजीसारखं.” आणि असं हसायची, की पुढे विचारायला सुचत नसे.

आमची प्रयोगशाळा पिकलेल्या केळ्यांच्या वासाने भरलेली असे. बाटल्यांत माश्या पाळलेल्या, तोंडाला कापसाचे बोळे. लाल डोळ्यांच्या मोजा, पांढऱ्या डोळ्यांच्या मोजा, हाच आमचा उद्योग. मला त्याचा कंटाळा यायचा. ज्योत्स्नाला मात्र त्यात गोडी होती. भिंगातून डोळा न काढता ती म्हणायची, “एवढ्याशा माशीच्या डोळ्यातबी तिचे मायबाप दिसून राह्यले, पाह्य.” घरमालकिणीच्या मांजरीला पिल्लं झाली तेव्हा तिने त्यांचे रंग पाहून बाप कोणतं मांजर असावं ते सांगितलं होतं. गल्लीतल्या बायका दोन दिवस त्या बोक्याला नावं ठेवत होत्या.

आम्हाला शिकवायला गावंडे सर होते. उंच, किंचित वाकलेले, खडूच्या भुकटीने कोटाची बाही कायम पांढरी. पुस्तक इंग्रजी, पण ते एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायचे. एकदा ज्योत्स्नाने हात वर केला. “सर, आमच्याकडे खुंट जंबेरी लिंबाचा लावते अन् त्याच्यावर संत्र्याचा डोळा भरून कलम करते. तो डोळा दुसऱ्या झाडाचा. त्या झाडाचा डोळा अजून दुसऱ्याचा. मंग आमच्या तळेगावचे सारे संत्रे म्हंजे एकच झाड झालं ना?”

सरांनी टेबलावर इतक्या जोरात हात मारला की डस्टर खाली पडलं. “जवळपास तसंच! हे मी तुम्हाला पुढच्या महिन्यात सांगणार होतो!” त्या दिवसापासून ते तिला बघितलं की म्हणायचे, “एम.एस्सी. करायची. कारणं ऐकणार नाही.”

म्हणून ते सिकलसेलचं पान उलटलं तेव्हा सरांनी तिच्याकडेच पाहून शिकवायला सुरुवात केली असणार. चांगला शिक्षक सर्वांत लक्ष देणाऱ्या चेहऱ्याकडे बघून बोलतो. त्यांनी पेशीचं चित्र काढलं. हिवतापाचं सांगितलं. फिटनेस शून्य धरायला लावली. आणि मग पुस्तकातलं पुढचं वाक्य मराठीत केलं, “असे रुग्ण सहसा तारुण्यापलीकडे जगत नाहीत. लिहून घ्या.”

सगळ्यांच्या पेनांचा आवाज झाला. माझ्या शेजारचा आला नाही.

ज्योत्स्ना उभी राहिली. तिला हात वर करायचीही आठवण राहिली नव्हती. “सर, म्हंजे एकाच बाजूनं आलं ते वाचते, कारण का दोन्ही बाजूनं आलं ते मरते?”

“तसं नाही. निसर्ग ठरवून काही करत नाही. पण हिशेब शेवटी तसाच निघतो.”

“मले दोन्ही बाजूनं आलं हाये, सर.”

ती हे इतकं साधेपणाने म्हणाली की काही जणांना कळलंच नाही. सर खडू हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, “बस, ज्योत्स्ना.” आणि तास संपायला बराच वेळ असताना पुस्तक मिटून निघून गेले.

आजाराचं नाव तिला लहानपणापासून माहीत होतं. दवाखान्यात सांगितलेलं, पाणी पीत राहा, थंडीत जप, दुखलं की ये. पण किती जगायचं, ते तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. घरच्यांनाही माहीत नसावं. ते तिला भरलेल्या वर्गात कळलं, परीक्षेला येणारं वाक्य म्हणून.

पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक होतं. पिशवीत काळी-पांढरी बटणं घालायची, न बघता दोन-दोन काढायची. बटणं मी वडिलांच्या दुकानातून आणली होती. दोन पांढरी म्हणजे निरोगी, एक काळं एक पांढरं म्हणजे वाहक. दोन्ही काळी निघाली की बाजूला टाकायची, ती मेली समजायची. असं करत पिढ्या पुढे न्यायच्या. आमच्या टेबलावर पहिली काळी जोडी ज्योत्स्नाच्या हातात आली. तिने ती टाकली नाही. मुठीत धरून बसली. दुसरी जोडी आली, तीही मुठीत. सर आमच्या टेबलापाशी आले, तिच्या मुठीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “राहू दे. तुमच्या टेबलाचं उत्तर चुकलं तरी चालेल.”

त्या दिवशी सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिने सोबत मलाही नेलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सर बराच वेळ चष्मा पुसत होते. “पुस्तकं सगळ्यांची सरासरी सांगतात,” ते म्हणाले, “एकेका माणसाचं सांगत नाहीत. आणि हे पुस्तकही जुनं आहे, दूरच्या मुलखातलं.”

“पण सर, पेपरात टीप आली तं काय लिहू?”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “पुस्तकातलंच लिही,” ते म्हणाले. “मार्क त्यालाच आहेत.”

त्याच हिवाळ्यात मी तिचं दुखणं पहिल्यांदा पाहिलं. रात्रीतून गारठा वाढला होता. सकाळी तिच्या खोलीवर गेले तर ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे वळलेली, ओठ कोरडे, उशीचा कोपरा दातांत. ओरडत नव्हती. घरमालकिणीने तळेगावला फोन केला. तिचे आई-बाबा दुपारच्या एसटीने आले. बाबा विटेचा तुकडा तापवायचे, फडक्यात गुंडाळून तिच्या कमरेशी धरायचे, थंड झाला की पुन्हा तापवायचे. संध्याकाळी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या बाकावर तिची आई माझ्याशी बोलली. गेल्या दिवाळीत ज्योत्स्नाने घरी सगळ्यांना बसवून जनुकांचं समजावून सांगितलं होतं. त्याआधी लेकीच्या दुखण्याचा ठपका कायम आईवर यायचा. सासू म्हणायची, तुझ्या माहेरचं रक्त खराब. आई म्हणाली, “म्या विचारलं तिले, माह्याकडून किती आलं अन् ह्यायच्याकडून किती? तं म्हने, अर्धं-अर्धं, आई.” बाबा शेजारी खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, “मले बरं वाटलं, बाई. इतके वर्ष हिच्या एकटीच्या डोक्यावर होतं.”

या विषयाने कुणाचं काही भलं केलं असेल तर ते त्या दोघांचं, असं मला आजही वाटतं.

उन्हाळ्यात वार्षिक परीक्षा झाली. सिकलसेलवर टीप आलीच. ज्योत्स्ना त्या पेपरात कॉलेजात पहिली आली. आणि तिसऱ्या वर्षाला तिने प्रवेश घेतला नाही. सरांनी निरोपावर निरोप पाठवले. मी तळेगावला गेले. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी खूप बोलले. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, “डिग्री घेऊन जाऊ कुठं वं? जितके दिवस हाये तितके आईजवळ राह्यते.”

रागावून, रडून सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. ती गणित सोडवून झाल्यासारखी शांत होती.

मग प्रकाश आला. तिच्याच गावचा, संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका असलेला, शाळेपासून तिला ओळखणारा. त्याला तिचा आजार माहीत होता. कुणीतरी त्याला सांगितलं, लेकरांना होईल. तर हा पठ्ठ्या एकटा जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन स्वतःचं रक्त तपासून आला. त्याच्यात ते जनुक नव्हतं. तो तिच्या घरी आला आणि सगळ्यांसमोर तिलाच म्हणाला, “तूच सांग आता. माह्याकडून एकही नाई. मंग लेकराले कसं होईन?”

होणार नव्हतं. सगळी मुलं वाहक झाली असती, आजारी एकही नाही. हे ज्योत्स्नाहून चांगलं कुणाला कळत होतं? तिने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि नाही म्हणाली. मला नंतर सांगताना म्हणाली, “लेकराले नाई होणार, हे खरं हाये. पण मी गेली का त्या लेकरायले कोन पाहीन?” प्रकाश दोन हिवाळे थांबला. मग त्याचं लग्न झालं.

त्यानंतरच्या वर्षांचं काय सांगू? मी एम.एस्सी. झाले, लग्न होऊन वर्ध्यातच राहिले, शिकवायला लागले. दर हिवाळ्यात तिला फोन करायचे आणि दर हिवाळ्यात ती निरोप घेतल्यासारखी बोलायची. “पुढच्या साली असन का नाई, येऊन जाजो एक डाव.” भावाच्या लग्नात तिने साधीच साडी घेतली. भारीतली घेऊन किती दिवस नेसणार, म्हणाली. बाबांनी नवी बाग लावली तेव्हा ती बघायलाही गेली नाही. संत्र्याला फळ धरायला वर्षं लागतात, आपल्याला काय त्याचं. ती बाग वाढली, फळली, तिच्या फळांच्या गाड्या भरून गेल्या. पुढे झाडांना डिंक्या रोग लागला, बाग म्हातारी झाली आणि बाबांनी ती तोडली. ज्योत्स्ना होतीच.

काही वर्षांपूर्वी दवाखान्यात तिला एक तरुण डॉक्टरीण भेटली. रोज घ्यायची एक गोळी सुरू केली. दुखणं पुष्कळ कमी झालं. तपासताना डॉक्टरणीने सहज विचारलं, तुम्ही काय करता? ज्योत्स्ना म्हणाली, काही नाही, आता किती दिवस राहिले. डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. “असं कोणी सांगितलं तुम्हाला?” तिच्याकडे याच आजाराच्या, नातवंडांना कडेवर घेऊन येणाऱ्या बायका होत्या. त्रास होता त्यांना, पण होत्या.

त्या संध्याकाळी ज्योत्स्नाचा मला फोन आला. मला वाटलं, आता ही हसेल. तिचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. “मले वाटलं आनंद होईन,” ती म्हणाली. “पण राग येऊन राह्यला वं. कोनावर काढू? मरायची तयारी करता करता सारे दिवस गेले. सांगते कोनाले, का मी मेलीच नाई?”

सरांनी शून्य धरायला सांगितलं होतं ते गणितापुरतं. तिने ते स्वतःच्या हाताने खरं करून दाखवलं होतं.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते बाजारात भेटले की माझ्या संसाराचं विचारत, कॉलेजचं विचारत, आणि मग काहीतरी विचारायचं राहिल्यासारखे घुटमळत. ज्योत्स्नाचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मला वाटे, विसरले असतील. गेल्या वर्षी भाजीबाजारात भेटले, काठी घेऊन. मीच म्हटलं, “सर, ज्योत्स्नाची आठवण आहे ना? तळेगावची?” त्यांनी हातातली मेथीची जुडी घट्ट धरली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला कळलं, ते कशाची वाट बघताहेत. “बरी आहे, सर. पुष्कळ बरी आहे.” ते तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, “इतकी वर्षं मला विचारायची भीती वाटायची.”

मी त्यांना तिचा नंबर लावून देऊ का विचारलं. ते नको म्हणाले. “काय बोलू? पुस्तक चुकलं, म्हणू?”

यंदा तो धडा शिकवून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आर्वीवरून तळेगावला गेले. रस्त्याला लागून हिवाळ्यात उतरणाऱ्या आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागले होते. ज्योत्स्नाच्या घरी पोचले तेव्हा ती न्हाऊन अंगणात उन्हाकडे पाठ करून बसली होती, केस मोकळे सोडून. समोर एक मुलगी पुस्तक मिटून निघायच्या बेतात होती. ती गेल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, “प्रकाशची पोरगी. बारावीले हाये. बायलॉजी शिकाले येते माह्याकडं.” आणि हळूच म्हणाली, “समजते तिले, पण टाइम लागते. बापावर गेली.”

“प्रकाश भेटतो?”

“भेटते ना. परवा पेटीभर संत्रे आणून ठेवले ओट्यावर. बसला नाई.” ती पायरीवरचं सालपट बोटाने उडवत राहिली. “त्याची बायको चांगली हाये. मले ताई म्हनते.”

मी तिला पुन्हा शिकण्याबद्दल विचारलं, मुक्त विद्यापीठातून डिग्री पूर्ण करता येते म्हणाले. ती म्हणाली, पाहू. मग म्हणाली, “एकदम नको म्हनू काही. मले अजून सवय नाई झाली, पुढचं पाहाची.”

तिच्या आई आतून तेलाची वाटी घेऊन आल्या. आता त्यांना वाकून केस विंचरता येत नाहीत, म्हणून मी फणी घेतली. ज्योत्स्नाचे केस अजून दाट आहेत. कानामागची बट वर घेतली आणि मला दिसला. एकच, मुळापासून टोकापर्यंत पांढरा.

“अगं, पांढरा झाला एक,” मी म्हटलं, आणि सवयीने तो चिमटीत धरला. “उपटू?”

ज्योत्स्नाचा हात झटकन मागे आला आणि तिने माझं मनगट धरलं.

“हात नको लावू,” ती म्हणाली. “कुठं हाये? आरसा आन. मले पाहू दे.”